मायटर करवत व तिची सुवाह्य घडवंची

मायटर करवत व तिची सुवाह्य घडवंची : लाकूड, प्लायवुड, ॲल्युमिनियमाच्या पोकळ पट्ट्या इ. ठराविक कोनात आडवे कापण्यासाठी वापरण्यात येणाऱ्या, विजेवर चालणाऱ्या करवतीला मायटर करवत म्हणतात. तसबिरीच्या किंवा दाराच्या चौकटीच्या कोपऱ्यात दोन पट्ट्यांची टोके प्रत्येकी ४५° कोनात कापून ती काटकोनात जोडतात. या सांध्याला मायटर सांधा असे नाव असून त्यावरूनच करवतीला हे नाव मिळाले आहे. कारागिरांच्या बोलण्यात ती मायटर सॉ या नावाने ओळखली जाते. कारखान्यात ही करवत स्थिर मेजावर कायमची बसविलेली असते परंतु इमारतीच्या बांधकामावर ती रोज हलवावी लागते. त्यासाठी घडी घालता येणारी व उचलून नेता येणारी जी बैठक वापरतात तिला येथे सुवाह्य घडवंची म्हटले आहे. कापाची अचूकता आणि कारागिराच्या हाताची सुरक्षितता या दोन्ही गोष्टी करवत, तिचे ब्रॅकेट, घडवंची, खालची जमीन व कापावयाचा नग यांच्या एकमेकांशी असलेल्या पक्क्या जोडणीवर अवलंबून असतात. या साखळीतील एक दुवा ढिला असला, तर उरलेल्यांच्या मजबुतीचा फारसा उपयोग होत नाही.

पूर्वेतिहास : विजेची करवत येण्यापूर्वी कोनातील काप घेण्यासाठी लाकडी मायटर पेटी वापरीत. ही पेटी म्हणजे वरून उघडी असलेली तीन फळ्यांची पन्हळ होय. तिच्या उभ्या बाजूंत ४५° व ९०° कोनांच्या खाचा पाडलेल्या असत. पट्टी पन्हळीत धरून करवत त्या खाचांतून चालविली म्हणजे काप आपोआप योग्य कोनात होई. पुढे पोलादी चौकटीच्या व कोन बदलता येणाऱ्या पेट्या प्रचारात आल्या. अमेरिकेत १९२० नंतरच्या दशकात रेमंड डीवॉल्ट यांनी आडव्या भुजेवर सरकणारी विद्युत् करवत तयार केली परंतु ती बोजड असल्याने रोज हलविण्याजोगी नव्हती. १९६० नंतरच्या दशकात रॉकवेल या अमेरिकन कंपनीने बिजागरीवर खाली येणारी विद्युत् मायटर करवत बाजारात आणली. तिच्यात पुढे दोन सुधारणा झाल्या. पाते बाजूला कलते करण्याच्या सोयीमुळे एकाच वेळी दोन कोनांतील संयुक्त काप घेता येऊ लागला आणि मुंडके दांड्यांवर मागेपुढे सरकू लागल्याने रुंद फळ्या कापता येऊ लागल्या. तथापि या सुधारणांमुळे करवतीचे वजन वाढले व वापरताना तिचा गुरुत्वमध्यही जागा बदलू लागला. तिच्या बैठकीचा प्रश्न महत्त्वाचा झाला तो मुख्यतः यामुळे.

करवतीची रचना : करवतीचे मुख्य भाग चार. (१) ओतीव ॲल्युमिनियम किंवा मॅग्नेशियम मिश्रधातूची बैठक. हिच्या चार कोपऱ्यांत बोल्टांसाठी भोके असतात. (२) बैठकीवर फिरणारे अंशांकित मेज. (३) कार्यवस्तू (कापावयाचा नग) जिला टेकवून धरतात ती उभी टेकपट्टी. (४) चलित्र व पाते वाहून नेणारे मुंडके. पात्याचा व्यास सर्वसाधारणपणे १८४, २१६, २५४ किंवा ३०५ मिमी. असतो. करवतीचे वजन लहान साध्या प्रकारात सु. १० किग्रॅ.पासून मोठ्या सरकत्या प्रकारात सु. ३० किग्रॅ.पर्यंत असते.

२५४ मिमी. व्यासाचे पाते दर मिनिटास ४,८०० फेरे करीत असल्यास त्याच्या दात्यांचा वेग सेकंदाला सु. ६४ मी., म्हणजे ताशी सु. २३० किमी. होतो. पाते पुढच्या बाजूस वरून खाली येते व तळाशी टेकपट्टीकडे जाते. त्यामुळे कापताना कार्यवस्तू टेकपट्टीवर दाबली जाते. चलित्र चालू होताना मुंडक्याला वरच्या दिशेने उसळी बसते आणि खटका सोडल्यावर विद्युत् गतिरोधकाने पाते एकाएकी थांबताना उलट दिशेने हिसका बसतो. प्रत्येक कापाला असे दोन धक्के धरल्यास दिवसभरात शेकडो धक्के बैठकीला सोसावे लागतात.

घडवंचीची रचना : प्रचारातील घडवंच्यांचे स्थूलमानाने तीन प्रकार करता येतात. पहिल्या प्रकारात दोन आडवे पोलादी किंवा ॲल्युमिनियमाचे दांडे व घडीचे चार पाय असतात. ही वजनाला हलकी असून एका माणसाला उचलता येते. दुसऱ्या प्रकारात चाके बसविलेली असतात. करवत न काढताच ही घडवंची आडवी करून हातगाडीसारखी ढकलीत नेतात. भारी सरकत्या करवतींना हा प्रकार सोयीचा पडतो. तिसरा प्रकार कारागिराने स्वतः बनविलेला असतो : दोन लाकडी घोड्या व त्यांवर बोल्टांनी आवळलेली जाड प्लायवुडाची फळी. पहिल्या दोन प्रकारांत करवत थेट दांड्यांवर ठेवीत नाहीत. ती ब्रॅकेटांच्या जोडीवर बोल्टांनी आवळतात आणि ब्रॅकेटे खटक्याने दांड्यांवर अडकवितात. त्यामुळे करवत ब्रॅकेटांसह काढता-घालता येते. दांड्यांच्या दोन्ही टोकांना बाहेर सरकणाऱ्या भुजा असून त्यांवर उंची कमीजास्त करता येणारे आधार असतात. मेजाची उंची जमिनीपासून सु. ८० ते ९० सेंमी. असल्यास उभे राहून काम करताना पाठीवर ताण येत नाही.

घडवंचीवर निर्मात्याने भारक्षमता नोंदविलेली असते. ही क्षमता पायांवर सारखा वाटला गेलेला स्थिर भार धरून ठरविलेली असते. त्यामुळे भारक्षमता पुष्कळ आहे एवढ्यावरून घडवंची कलंडणार नाही असे अनुमान काढणे चुकीचे ठरते. भार सोसणे व उलटून न पडणे हे दोन निरनिराळे गुण आहेत.

स्थैर्याचे गणित : चार पाय जमिनीला टेकतात ते बिंदू जोडल्यावर होणारा चौकोन म्हणजे घडवंचीचे आधारक्षेत्र होय. सर्व भारांचा गुरुत्वमध्य या क्षेत्राच्या आत असेपर्यंत घडवंची उभी राहते. तो कडेच्या जितका जवळ जाईल तितक्या थोड्या धक्क्याने ती उलटते.

समजा, करवत व घडवंची मिळून वजन ४५ किग्रॅ. असून पायांमधील लांबीच्या दिशेचे अंतर १ मी. आहे. मध्यापासून पायांच्या रेषेपर्यंतचे अंतर ०·५ मी. असल्याने घडवंचीला उभे ठेवणारे परिबल ४५ × ०·५ = २२·५ किग्रॅ.-मी. होते. आता ४ मी. लांब, १५ सेंमी. रुंद व ३·६ सेंमी. जाड अशी सु. १४ किग्रॅ. वजनाची सागवानी फळी तिचे टोक कापण्यासाठी मेजाला शिकंज्याने आवळली आणि बाहेरचा भाग निराधार ठेवला, तर फळीचा गुरुत्वमध्य पायांच्या रेषेबाहेर १·५ मी. अंतरावर येतो. उलटविणारे परिबल १४ × १·५ = २१ किग्रॅ.-मी. होते. दोहोंतील फरक केवळ १·५ किग्रॅ.-मी. राहतो. फळीच्या मोकळ्या टोकावर अर्ध्या किलोग्रॅमहूनही कमी जोर पडला, तरी करवतीसह सर्व मांडणी कलंडू शकते. करवत बोल्टांनी कितीही घट्ट बसविलेली असली, तरी या परिणामात फरक पडत नाही. त्यावर उपाय म्हणजे लांब फळीला बाहेरच्या बाजूस जमिनीवरून स्वतंत्र आधार देणे हाच होय.

सरकत्या करवतीत असाच प्रश्न मागेपुढे उद्भवतो. १२ किग्रॅ. वजनाचे मुंडके ३० सेंमी. पुढे ओढले असता वरील ४५ किग्रॅ. भाराचा गुरुत्वमध्य ८ सेंमी. पुढे सरकतो. घडवंचीची खोली बहुधा लांबीपेक्षा कमी असते. मध्यापासून पुढच्या पायांपर्यंत २५ सेंमी. अंतर असेल, तर त्यांपैकी सु. एक तृतीयांश अंतर अशा रीतीने खर्ची पडते. म्हणून सरकती करवत घडवंचीवर बसविताना मुंडके पूर्ण पुढे व पूर्ण मागे अशा दोन्ही स्थितींचा विचार करावा लागतो.

करवत स्वतःच जड असल्यामुळे ती बोल्टांशिवायही जागची हलणार नाही, असा समज आढळतो. २५ किग्रॅ. वजनाची करवत धातूच्या दांड्यांवर नुसती ठेवली आणि घर्षण गुणांक ०·३ धरला, तर तिला सरकविण्यास केवळ ७·५ किग्रॅ. आडवा जोर पुरतो. लांब फळी मेजावर ढकलताना किंवा सरकते मुंडके मागे लोटताना एवढा जोर सहज पडतो. कंपनांमुळे घर्षण आणखी कमी होते. फिरत्या पात्यासह करवत काही सेंमी. जरी सरकली, तरी फळी धरलेला हात पात्याच्या मार्गात येण्याची शक्यता असते. म्हणून बोल्ट ही सोय नसून आवश्यकता आहे.

बसविण्याची रीत : प्रथम करवतीचा विद्युत् पुरवठा तोडतात. बॅटरीवरील करवत असल्यास बॅटरी काढून ठेवतात. मुंडके खाली दाबून खिट्टीने अडकवितात, सरकते दांडे कुलूपबंद करतात व मेज मध्यावर घट्ट करतात. असे न केल्यास उचलताना मुंडके उसळते किंवा सरकते आणि करवत हातातून निसटते.

घडवंची शक्यतो सपाट व टणक जमिनीवर उघडतात व प्रत्येक पायाची खिट्टी बसल्याची खात्री करतात. पाय भुसभुशीत मातीत रुतत असल्यास त्यांखाली फळ्या घालतात. जमीन उंचसखल असल्यास पायाच्या टोकाचा फिरता पाया कमीजास्त करून चारही पाय टेकवितात. पाणसळीने घडवंची समपातळीत आणणे इष्ट असते. तथापि पूर्ण समपातळीपेक्षा चारही पाय सारखे टेकणे व घडवंची न डुलणे याला अधिक महत्त्व आहे. एका पायाखाली विटेचा सुटा तुकडा ठेवण्याची पद्धत मात्र धोक्याची आहे, कारण कंपनांनी तो निसटतो.

ब्रॅकेटे करवतीला जमिनीवर किंवा मेजावरच जोडतात. दोन्ही ब्रॅकेटे एकमेकांशी समांतर व घडवंचीच्या दांड्यांशी काटकोनात असावी लागतात. ती तिरपी बसल्यास एका बाजूचा खटका लागतो व दुसरा अर्धवट राहतो. बैठकीच्या चारही भोकांतून बोल्ट घालतात. बोल्टाचा व्यास सूचनापुस्तिकेत दिलेला असतो व तो बहुधा ६ ते ८ मिमी. असतो. भोकापेक्षा फार बारीक बोल्ट वापरल्यास करवत तेवढ्या अंतरात हलत राहते. बोल्टाची लांबी अशी घेतात की, नट पूर्ण बसल्यावर दोन-तीन आटे बाहेर राहतील. डोक्याखाली व नटाखाली रुंद चकत्या (वॉशर) घालतात. साधे नट कंपनांनी सुटतात म्हणून आत नायलॉनचे कडे असलेले नट वापरतात.

चारही बोल्ट आधी हाताने बसवून मग समोरासमोरच्या कोपऱ्यांच्या क्रमाने पान्याने थोडेथोडे आवळतात. येथे एक दक्षता घ्यावी लागते. ओतीव बैठकीचे चारही पाय ब्रॅकेटांवर सारखे टेकत नसतील, तर बोल्ट आवळून ते खाली ओढू नयेत. तसे केल्यास बैठकीला पीळ बसतो, मेज व टेकपट्टी यांच्यातील काटकोन बिघडतो आणि क्वचित बैठकीला तडाही जातो. अधांतरी राहिलेल्या पायाखाली योग्य जाडीची पत्र्याची चकती सरकवून मग बोल्ट आवळणे हा योग्य मार्ग होय.

यानंतर करवत ब्रॅकेटांसह उचलून घडवंचीवर ठेवतात. वजन २० किग्रॅ.हून अधिक असल्यास दोघांनी उचलणे श्रेयस्कर असते. बहुतेक घडवंच्यांत ब्रॅकेटाची पुढची आकडी आधी पुढच्या दांड्यावर अडकवून मग मागची बाजू खाली टेकवितात व खटका दाबतात. काही घडवंच्यांत हा क्रम उलट असल्याने सूचनापुस्तिका पाहणे आवश्यक ठरते. खटका लागल्याचा आवाज आला एवढ्यावर विसंबत नाहीत. बैठक दोन्ही हातांनी धरून वर, पुढे व बाजूंना हिसकून पाहतात. करवत हलली आणि घडवंची जागच्या जागी राहिली, तर दोष ब्रॅकेटात किंवा बोल्टांत असतो. दोन्ही मिळून डुलली, तर दोष पायांत किंवा जमिनीत असतो.

शेवटी पुरवठा बंद असतानाच मेज डावी-उजवीकडे शेवटच्या कोनापर्यंत फिरवितात, मुंडके दोन्ही बाजूंना कलते करतात व पूर्ण सरकवून पाहतात. कोणत्याही स्थितीत पाते, चलित्र किंवा मागे निघणारे दांडे हे ब्रॅकेट, आधार अथवा भिंत यांना अडता कामा नयेत. विजेची दोरी पायांत अडकणार नाही व पात्याच्या मार्गात येणार नाही अशा रीतीने मागच्या बाजूने नेतात.

लांब कार्यवस्तूंचा आधार : बाजूच्या आधारांचा माथा मेजाच्या पृष्ठाशी एका पातळीत असावा लागतो. त्यासाठी मेजावर लांब सरळ पट्टी ठेवून ती आधारापर्यंत नेतात व मेज आणि आधार या दोहोंना ती टेकेपर्यंत आधाराची उंची बदलतात. पात्यापासून १·२ मी. अंतरावरील आधार ६ मिमी. खाली राहिला आणि फळी त्या बाजूला झुकली, तर काप सु. ०·३° ने चुकतो. १० सेंमी. उंचीच्या उभ्या पट्टीत ही चूक अर्धा मिमी. भरते व दोन पट्ट्या जोडल्यावर सांध्यात १ मिमी.पर्यंत फट दिसते. अशा वेळी करवतीचा अंशांक बिघडला असे समजून कारागीर तो बदलीत बसतो व मूळ दोष तसाच राहतो.

आधार वर राहिला, तर परिणाम अधिक गंभीर होतो. फळी दोन्ही टोकांच्या उंच आधारांवर टेकून पात्याखाली अधांतरी राहते. काप खोल जाऊ लागताच ती मध्यावर वाकते, कापाची वरची फट मिटते व पाते चिमटले जाते. चिमटलेले पाते फळीला किंवा मुंडक्याला जोराने उसळवते. म्हणून आधाराच्या उंचीत अगदी सूक्ष्म फरक राहणारच असेल, तर तो खालच्या बाजूस असावा, वरच्या बाजूस कधीही नसावा. कापून वेगळा होणारा तुकडा शिकंज्याने आवळीत नाहीत व अटकाव-ठोकळ्यात अडकूनही ठेवीत नाहीत. तो मोकळा राहिला, तरच पाते चिमटत नाही. शिकंजा राखावयाच्या भागावर लावतात. हात पात्यापासून किमान १५ सेंमी. दूर ठेवणे शक्य नसेल इतका आखूड तुकडा हाताने धरून कापीत नाहीत.

तपासणी व देखभाल : घडवंची नव्या जागी मांडल्यावर पात्याचा टेकपट्टीशी व मेजाशी असलेला काटकोन गुण्याने तपासतात आणि टाकाऊ फळीवर काप घेऊन पाहतात. कापलेले दोन तुकडे टेकपट्टीला लावून त्यांपैकी एक उलटा केला आणि टोके एकमेकांना भिडविली असता फट दिसल्यास ती मूळ चुकीच्या दुप्पट असते. त्यामुळे बारीक चूकही नजरेस येते. नव्याने आवळलेले बोल्ट पहिल्या दिवसाच्या कामानंतर पुन्हा तपासावे लागतात, कारण रंगाचा थर व चकत्या दबून ते किंचित सैल पडतात. पुढे दर आठवड्यास किंवा लांबच्या वाहतुकीनंतर ही तपासणी करतात. दांड्यांवर व खटक्यांत साचलेला भुस्सा झटकून काढतात. त्याचा थर बसल्यास खटका पूर्ण लागत नाही. लाकडाचा भुस्सा आरोग्यासही घातक आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीचा समावेश मानवात कर्करोग उत्पन्न करणाऱ्या द्रव्यांत केला आहे. त्यामुळे भुस्सा ओढून घेणारे यंत्र व मुखपट्टी यांचा वापर आवश्यक मानला जातो. सुवाह्य मायटर करवतींच्या सुरक्षिततेविषयी आंतरराष्ट्रीय विद्युत् तंत्र आयोगाचे आयईसी ६२८४१–३–९ हे स्वतंत्र मानक आहे.

भारतातील स्थिती : भारतात सुतार परंपरेने जमिनीवर बसून काम करीत आला आहे. पायाने फळी दाबून हाताने करवत चालविण्याच्या या पद्धतीत शरीर हेच शिकंज्याचे काम करते आणि हाताच्या करवतीला ते पुरते. फर्निचर, छताच्या पट्ट्या व ॲल्युमिनियमाच्या खिडक्या यांच्या कामात विद्युत् मायटर करवतीचा प्रसार झाल्यावरही तीच बसण्याची सवय अनेक ठिकाणी कायम राहिली. करवत जमिनीवर किंवा प्लायवुडाच्या तुकड्यावर सुटीच ठेवून, तिच्यासमोर उकिडवे बसून काप घेण्याची रीत बांधकामाच्या जागी दृष्टीस पडते. यात करवत सरकू शकते, पाते कारागिराच्या चेहऱ्याच्या व गुडघ्यांच्या पातळीत येते आणि बसल्या जागेवरून त्याला चटकन मागे हटता येत नाही.

घडवंची विकत घेणे प्रत्येक कारागिराला परवडतेच असे नाही. तथापि दोन भक्कम लाकडी घोड्या, त्यांना आवळलेली १८ किंवा १९ मिमी. जाडीची प्लायवुडाची फळी, चार बोल्ट, रुंद चकत्या व मेजाच्या उंचीचे दोन लाकडी ठोकळे एवढ्या सामग्रीतून समाधानकारक बैठक तयार होते. तिला चाके किंवा खटके नसले, तरी करवत फळीला, फळी घोड्यांना व लांब नगाचे टोक स्वतंत्र आधाराला अशी साखळी पूर्ण झालेली असते. महाग घडवंचीवर बोल्टांशिवाय ठेवलेल्या करवतीपेक्षा अशी साधी बैठक अधिक सुरक्षित असते व तिच्यावर घेतलेला कापही अधिक अचूक येतो.